डीकनची भाकरी

वर्तमानपत्राच्या कचेरीत नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवतात. महत्त्वाचं ते वर, कमी महत्त्वाचं ते खाली. म्हणजे जागा कमी पडली की बातमी खालून कापता येते, वाचायचीही गरज नसते. नांदेडच्या एका दैनिकात बावीस वर्षं मी हे काम केलं. उपस्थितांची नावं, सरपंचांनी मानलेले आभार, ‘अल्पोपाहारानंतर कार्यक्रम संपला’, हे सगळं माझ्या हातून तळातून गेलं. तळाला काही महत्त्वाचं होतं अशी तक्रार बावीस वर्षांत आली नाही. ती नंतर आली, दुसऱ्या नोकरीत, आणि निलंग्याहून आली.

दुसरी नोकरी कोणती ते सांगितलं की लोक पुन्हा एकदा विचारतात. लग्न झालेल्या पुरुषांना कॅथलिक चर्चचे डीकन होण्यासाठी तयार करणं, ही ती नोकरी.

कॅथलिक फादर लग्न करत नाहीत, हे बहुतेकांना माहीत असतं. डीकन हा फादरच्या एक पायरी खालचा. ही पायरी लग्न झालेल्या माणसालाही चढता येते. वय पस्तीसच्या पुढं, वर्तणूक बरी, तीन वर्षांचं शिक्षण आणि बायकोची लेखी संमती, एवढं लागतं. पगार नाही. आपली नोकरी किंवा शेती सांभाळून हे करायचं. आमच्याकडे फादर मोजके आणि गावं माहूरच्या डोंगरापासून निलंग्यापर्यंत पसरलेली. फादरांची मोटारसायकल सगळीकडे वेळेवर पोहोचत नसे. म्हणून बिशपांनी पाच माणसं निवडली आणि मला बोलावून घेतलं. धर्मशास्त्र एक वयस्क फादर शिकवणार होते. अर्ज, हजेरी, पत्रव्यवहार, प्रवचन कसं लिहावं हा विषय आणि उमेदवारांच्या बायकांशी बोलणी, एवढं माझ्याकडे आलं.

“तुम्हाला थोडक्यात लिहिता येतं,” बिशप म्हणाले.

मी अविवाहित आहे, याकडे मी त्यांचं लक्ष वेधलं.

“मीही,” ते म्हणाले.

वर्ग लातूरला भरायचा. भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. त्यांतल्याच एका फिजिक्सच्या क्लासचा हॉल आम्हाला रविवारी मिळे. पोरांची टेस्ट सुटली की तीन ते पाच. क्लास बिराजदार सरांचा. ते लिंगायत, पण त्यांचा जन्म मिशनच्या दवाखान्यातला, त्यामुळे हॉल द्यायला त्यांनी एका मिनिटात होकार दिला. देवाधर्माच्या बाबतीत त्यांना एकाच गोष्टीची उत्सुकता होती, निकालाची.

“पोर्शन केवढाय?” त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

“तीन वर्षांचा.”

“दीड वर्षात संपवा. उरलेलं दीड वर्ष नुसती रिव्हिजन.”

दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो तर फळ्यावर प्रश्न तयार होता. आमची पुस्तिका वाचून सरांनी तो स्वतः काढला होता. ‘डीकन खालीलपैकी काय करू शकत नाही? अ) बाप्तिस्मा देणे ब) लग्न लावणे क) मिस्सा अर्पण करणे ड) अंत्यविधी करणे.’ उत्तर क. मिस्सा म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना. ती फक्त फादर करतात. पापांची कबुलीही तेच ऐकतात. बाकीची तिन्ही कामं डीकन करतो, शिवाय शुभवर्तमान वाचतो आणि प्रवचन देतो. बाहेरच्या माणसाला डीकन समजावून सांगायला याहून चांगला मजकूर मला पुढंही सापडला नाही. पाचांपैकी दोघांनी उत्तर चुकवलं. अंतोन मास्तरांनी ‘वरीलपैकी सर्व’ असा पाचवा पर्याय मागितला. हे मास्तर अर्धापूरजवळच्या शाळेवर होते आणि वर्गात सर्वांत हुशार समजले जात.

प्रवचन लिहिण्याचा विषय माझा, त्यामुळे त्यातलं अपयशही माझंच. सात मिनिटांत संपलं पाहिजे, मुद्दा पहिल्या वाक्यात आला पाहिजे, विशेषणं टाळा, असं मी शिकवलं. महिन्याभरानं अंतोन मास्तर उभे राहिले. विषय होता नाईन गावातल्या विधवेच्या मेलेल्या मुलाला येशूनं उठवलं तो प्रसंग. मास्तरांनी कागद समोर धरला आणि वाचलं: “नाईन, वार्ताहराकडून. येथील एका विधवेचा एकुलता एक मुलगा काल अंत्ययात्रेदरम्यान वेशीजवळ उठून बसला. या वेळी मोठा जनसमुदाय उपस्थित होता. जीवितहानी नाही.”

प्रवचन चाळीस सेकंदांत संपलं. शिकवलेल्या एकाही नियमाचा भंग झालेला नव्हता. मी मास्तरांना बसायला सांगितलं.

आता मुख्य माणूस. सायमन निलंगा डेपोत एसटीचा कंडक्टर होता. उंच, सावकाश चालणारा, आवाज असा की टपावरच्या माणसालाही तिकीट घ्यावंसं वाटावं. डीकन का व्हायचंय, असं मी प्रत्येकाला विचारून अर्जात लिहीत होतो. सायमननं सांगितलं ते असं:

“भूकंपाच्या दुसऱ्या दिशी आमची गाडी किल्लारीकडं लावली होती. माणसं आणायची, भाकरी न्यायच्या. एका गावात आपल्यातली एक म्हातारी पुरायची होती. फादर कुठं तरी चौथ्या गावात. लोक म्हणले, कंडक्टर, तुमचा आवाज मोठा हाय, तुम्हीच म्हणा प्रार्थना. म्या सुरू केली. अर्ध्यात अडकलो. पुढचं काही येईना. अन् तोंडातून काय यावं? ‘पुढं सरका.’ रोजची सवय ना. लोक सरकले पुढं, साहेब. हसलं न्हाई कोणी. म्या तसाच उभा. मला ती प्रार्थना शेवटपर्यंत म्हणाया शिकायची हाय. दुसरं काई न्हाई.”

अर्जात कारणासाठी दोन ओळींची जागा होती. मी लिहिलं: सेवेची आवड.

घोळ तिसऱ्या वर्षी, प्रगतिपत्रकांपासून सुरू झाला. बिराजदार सरांकडे पालकांना पाठवायची छापील कार्डं उरली होती. ‘आपला पाल्य अमुक याची उपस्थिती व प्रगती पुढीलप्रमाणे’ अशी. उमेदवारांच्या बायकांना वर्गात काय चाललंय ते कळत राहावं, अशी बिशपांची सूचना होतीच. मी ‘पाल्य’ खोडून ‘पती’ लिहिलं आणि पाच कार्डं टपालात टाकली. कार्डाच्या तळाला ‘पालकाचा अभिप्राय व सही’ असा रकाना होता. तळ न पाहण्याची सवय असल्यानं तो तसाच गेला.

पाचही कार्डं भरून परत आली. अंतोन मास्तरांच्या बायकोनं लिहिलं होतं, ‘घरी पुस्तक उघडत नाहीत. वर्गात उभे करावे.’ दुसरीनं अक्षर सुधारण्याची विनंती केली होती. सायमनची बायको सगुणाबाई निलंग्यात अंगणवाडी चालवायच्या. त्यांचं अक्षर गोल आणि ठाम होतं. ‘मालक अभ्यास करतात. डीकन झाल्यावर त्यांना काय काय सोडावे लागते, त्याची पूर्ण यादी मिळावी.’

“पालकसभा घ्या,” बिराजदार सर म्हणाले. “पालक शांत तर क्लास शांत.”

सभा झाली. पाच नवरे मागच्या बाकांवर, पाच बायका पुढं. संमतीचे अर्ज मी त्याच दिवशी भरून घेणार होतो. दीक्षेचा दिवस ठरला होता, अर्ज महिनाअखेर बिशपांकडे पोहोचायला हवे होते, आणि एवढ्यात दुसरी तुकडी निघणार नव्हती. ज्याचा अर्ज राहील त्याचं डीकन होणं राहील.

बिशपांचं मूळ पत्र चार पानी होतं. मी ते एका पानावर आणून सुरुवातीलाच सगळ्यांना वाटलं होतं. सगुणाबाईंनी ते पान हातात धरून विचारलं, “पेपरवाले भाऊ, एवढंच का? का अजून हाय?”

मी मूळ पत्र काढलं आणि शेवटचा परिच्छेद वाचला. जागेअभावी मी कापला होता तो. ‘दीक्षेनंतर पत्नीचे निधन झाल्यास डीकनला पुनर्विवाह करता येत नाही.’

मग अंतोन मास्तरांच्या बायकोला हसू आवरेना.

“अगं बया! हे तर लई बेस हाय! हे पहिलं सांगायचं का न्हाई? आणा इकडं पेन.”

पाच मिनिटांत चार सह्या झाल्या. मास्तर मागच्या बाकावरून म्हणाले, “अहो, नीट वाचून तरी…” त्यांना कोणी बोलू दिलं नाही. सगुणाबाईंनी मात्र पेनाचं टोपण लावून पेन परत दिलं.

“म्या सही करणार न्हाई.”

“येडी का काय तू?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “सवत येणार न्हाई म्हणून हे लिहून देऊन राहिले, अन् तू न्हाई म्हणतीस?”

“सवतीचं काय घेऊन बसलाव? ह्यांचं पोट कोण बघंल?” त्या माझ्याकडे वळल्या. “धाकटीच्या येळी म्या आठ दिस माहेरी होते. डब्यात पीठ होतं, तवा होता, स्टोव्हात रॉकेल होतं. हे आठ दिस स्टँडवरची भजी खाल्ले अन् नवव्या दिशी दवाखान्यात पडले. म्या मधीच गेले तर दुसरी कोणी येईल, चार घास करून घालील, एवढा एक आधार होता मला. तो बी तुमच्या चर्चनं काढून घेतला.”

“अगं, हॉटेलात जेवीन की,” मागून सायमन म्हणाला.

“बघा!” सगुणाबाई म्हणाल्या.

चर्चच्या दोन हजार वर्षांच्या व्यवहारात या हरकतीला उत्तर असेल, असं मला वाटलं. वयस्क फादरांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर पाहत होते. शेवटी बिराजदार सरांनी खडू उचलला.

“बाई, तुमची अट काय ती सांगा. सिलॅबस ठरवून टाकू.”

“भाकरी. ज्वारीची. तीन. माझ्यासमोर. भाजी सोडली, मिठासंगं खातील. पण भाकरी आली पाहिजे.”

सरांनी फळ्यावर लिहिलं: ‘विषय – भाकरी. प्रश्न – तीन. सर्व सोडवणे आवश्यक.’

पुढच्या रविवारी फिजिक्सच्या प्रयोगाच्या टेबलावर स्टोव्ह, तवा आणि काठवट मांडली. पीठ सगुणाबाईंनी घरच्या डब्यातून आणलं होतं. सरांनी टेस्टची घंटा वाजवली. पहिली भाकरी काठवटीतच फाटली. दुसरी उचलताना सायमनच्या मनगटावर मोडली. तिसरी दोन हप्त्यांत तव्यावर पोहोचली. अंतोन मास्तरांनी वाकून पाहिलं आणि ती महाराष्ट्राच्या नकाशासारखी दिसते असं मत दिलं. मी तपासलं. मराठवाडा वेगळा झालेला होता.

“ग्रेस द्या, बाई,” सर म्हणाले. “मेहनत दिसून राहिली.”

“सर, जेवणात ग्रेस नसतंय.”

सायमननं काठवट धुतली, स्टोव्ह विझवला आणि हात पुसत मला हळूच विचारलं, “साहेब, महिनाअखेर म्हणजे तारीख पक्कीच का?” पक्कीच, मी म्हणालो. दोन रविवार उरले होते.

मधल्या आठवड्यात मी नांदेडहून लातूरला निघालो तो सायमनच्याच गाडीत. गाडीला सगळं माहीत होतं. ड्रायव्हरनं मला आरशातून नमस्कार करून परीक्षा किती मार्कांची असते ते विचारलं. सायमन तिकिटं फाडत होता आणि अधूनमधून रिकाम्या तळव्यानं हवेत भाकरी थापत होता. पुढच्या बाकावर बेगमबी नावाची बांगडीवाली म्हातारी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती या मार्गावरची रोजची.

“कंडाक्टर, इधर आव. कैसी फटी भाकर? कड से के बीच में से?”

“सगळीकडून, खाला.”

“पीठ कित्ते दिन का था?”

सायमनला माहीत नव्हतं. बेगमबीनं कपाळावर हात मारला.

“पीठ बासी है रे बाबा. विरी गई उसकी, चिकटपना गया. थंडे पानी से कबी नै होती. पानी उबलने देव पैले, उबलता डालो, ढांक के रख्खो, बाद में मळो. नक्को घाई.”

मागच्या बाकावरच्या दोन बायकांनी याला दुजोरा दिला. तिसरीनं विरोध केला. चर्चा अशी रंगली की लोह्याला उतरायचे दोन प्रवासी अहमदपूरला उतरले.

लातूरला पोहोचताच मी हे बिराजदार सरांना सांगितलं. सर खवळले. रविवारी त्यांनी सगुणाबाईंना हॉलच्या दारातच गाठलं.

“बाई, पेपरच सदोष होता! पीठ जुनं होतं. हे सिलॅबसच्या बाहेर आहे. विद्यार्थ्यावर अन्याय झालाय.”

“जुनंच होतं, सर,” सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. “मुद्दाम आणलं होतं.”

“मुद्दाम?”

“म्या मेल्यावर ताजं पीठ कोण दळून ठेवंल? डब्यात राहील ते जुनंच राहील. त्याचीच करावी लागंल ह्यांना.”

सर बाकावर बसले. म्हणाले, “पेपर काढावा तर असा.”

फेरपरीक्षा त्याच डब्यातल्या पिठावर झाली. ते आणखी जुनं झालेलं होतं. सायमननं आधी पाणी ठेवलं. पाण्याला उकळी येईपर्यंत हाताची घडी घालून उभा राहिला. अंतोन मास्तरांनी दोनदा “झालं, झालं” म्हटलं, तरी हलला नाही. उकळतं पाणी पिठात ओतलं, झाकलं. मग मळलं. काठवटीवर थापताना त्याचे ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकलं, तर तो अंत्यविधीची प्रार्थना म्हणत होता. भाकरी किती वेळ थापायची याचं माप त्यानं तिच्यावर बसवलं होतं. आमेनला भाकरी उचलायची. पहिली नीट उचलली गेली. दुसरीही. तिसरी तव्यावरून आचेवर गेली आणि टम्म फुगली. बिराजदार सरांनी घंटा वाजवली. वेळ संपलेली नव्हती, त्यांना राहवलं नाही.

सगुणाबाईंनी मीठ मागितलं. एक अख्खी भाकरी त्यांनी आमच्यासमोर खाल्ली. स्टोव्हसाठी पंखा बंद ठेवला होता. सगळे घामाघूम.

“कड जाड हाय,” त्या म्हणाल्या.

सायमन खाली पाहू लागला.

“पेन द्या.”

त्यांनी अर्ज बाकावर ठेवून सही केली. सहीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्या लिहीत होत्या. मग घडी घालून कागद माझ्या हातात दिला.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण परीक्षा बघायला आलेल्या बाकीच्या चौघींनी तिथल्या तिथं आपल्या सह्या परत मागितल्या. आम्हालाही परीक्षा घ्यायचीय, म्हणाल्या. त्या दिवशी मी फिजिक्सच्या त्या हॉलमध्ये आणखी बारा भाकऱ्या होताना पाहिल्या. अंतोन मास्तर तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, तेही प्रश्नपत्रिकेला आक्षेप घेऊन. आमच्या पाचही डीकनांना ज्वारीची भाकरी येते. असा दुसरा गट कुठं आहे का, हे तपासायचं साधन माझ्याकडे नाही. बिराजदार सरांनी क्लासच्या दारावर ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ हा कापडी फलक दर वर्षीप्रमाणे लावला. वरच्या ओळीत मेडिकलला लागलेली मुलं, खाली आमचे पाच जण, मिशांसकट. पुढचा महिनाभर पालक त्यांना विचारत होते, डीकनचं मेरिट कितीवर क्लोज झालं.

दीक्षेचा विधी लातुरात, चर्चच्या आवारात मांडव घालून झाला. गर्दी अपेक्षेपेक्षा मोठी होती. डीकनला खांद्यावरून तिरका पट्टा घालतात. तो त्याच्या बायकोनं वेदीपर्यंत घेऊन यायचा असं ठरलं होतं. सायमनची पाळी आली आणि सगुणाबाई दिसेनात. त्या पट्टा हातावर घेऊन मांडवाच्या तोंडाशी अडकल्या होत्या. पुढच्या लोकांना मागचं कळत नव्हतं. बिशप थांबले. गाणारे थांबले. मग वेदीपुढून, पांढऱ्या झग्यातून आवाज आला:

“पुढं सरका! दारात थांबू नका! आत लई जागा हाय!”

सगळा मांडव एक पाऊल पुढं सरकला. काही जणांचे हात सवयीनं वरच्या दांडीकडे गेले. बिशपही थोडे सरकले. मधून वाट झाली आणि सगुणाबाई पदर सावरत आल्या. या वेळी सगळे हसले. सायमनही.

पंधरा दिवसांनी निलंगा तालुक्यातल्या एका गावात त्यानं पहिला अंत्यविधी केला. मी मुद्दाम गेलो होतो. प्रार्थना त्यानं शेवटपर्यंत म्हटली.

सगुणाबाईंच्या अर्जाचं सांगायचं राहिलं. दीक्षेच्या आधी तो बिशपांच्या कचेरीतून माझ्याकडे परत आला होता. ठरलेल्या मजकुराखाली जादा मजकूर आहे, तो वगळून कोऱ्या अर्जावर नव्यानं सही घ्यावी, असा कारकुनाचा शेरा होता. शेरा नियमाला धरून होता. पूर्वी मीही तेच केलं असतं, आणि कारकुनाहून लवकर केलं असतं. सायमननं मला भूकंपाचं सांगितलं तेव्हा मी केलंच होतं. मी शेऱ्याखाली लिहिलं, ‘मजकूर जसाच्या तसा जावा,’ आणि अर्ज स्वतः नेऊन दिला. तो आजही दप्तरी आहे. सहीच्या खाली, अगदी तळाला, गोल अक्षरात दोन वाक्यं आहेत:

‘मी आधी गेले तर मालकांनी एक दिवस रडावे. दुसऱ्या दिवशी पाणी उकळायला ठेवावे.’